दियुआना एकटी होती

सेनेगलमधल्या डाकार शहरातल्या एका कोपऱ्यावर बायका कामाची वाट बघत बसल्या आहेत. धुणं, भांडी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, जे मिळेल ते. काळा चष्मा लावलेली एक फ्रेंच बाई येते. बायका भराभर उठतात, तिला गराडा घालतात, मला घ्या, मला घ्या असा गलका करतात. बाई बावरून मागे सरते. मग त्या गर्दीपलीकडे तिची नजर जाते. तिथे एक तरुण मुलगी बसूनच आहे. ती पुढे आलेली नाही, तिने हात पसरलेला नाही. बाई तिलाच बोलावते.

उस्मान सेंबेनच्या 'ला न्वार द...' ह्या १९६६ सालच्या चित्रपटातलं हे दृश्य. इंग्रजीत तो 'ब्लॅक गर्ल' ह्या नावाने ओळखला जातो. मुलीचं नाव दियुआना. बाईला चित्रपटभर नाव नाही, ती नुसती मादाम. तिचा नवरा नुसता मस्यू. ज्या काळात युरोपच्या पडद्यावर आफ्रिकी माणूस दिसलाच तर बिननावाचा हमाल किंवा नोकर म्हणून दिसायचा, त्या काळात सेंबेनने नाव मोलकरणीला दिलं आणि मालकांचं काढून घेतलं.

पण मी त्या कोपऱ्यावरच अडकते. दियुआना उठली नाही ह्याचा मादामने काय अर्थ लावला? मुलगी गरीब स्वभावाची आहे, हावरट नाही, आपल्या घरात निमूट राहील. आपल्याला मात्र दिसतं की तिला रेटारेटी करायची नाही, एवढंच. तिचा स्वतःचा एक आब आहे. काम हवं आहे, पण त्यासाठी कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही. पुढे फ्रान्समध्ये हीच मुलगी अशीच गप्प बसते, तेव्हा मादाम तिला आळशी म्हणते, आजारी म्हणते, माजलेली म्हणते. मुलगी तीच, तिचं बसणंही तेच. बदलते ती मादामची गरज, आणि त्याबरोबर दियुआनाच्या गप्प बसण्याचा अर्थ. आपल्याबद्दलचा अर्थ कुणी दुसऱ्यानेच लावत राहायचं, ही परतंत्रतेची खूण मला मारहाणीपेक्षाही खोल वाटते. ह्या चित्रपटात दियुआनावर हात कुणी उगारत नाही. साखळ्या नाहीत, कोठडी नाही. एक स्वच्छ, उजेडी, पांढऱ्या भिंतींचा फ्लॅट आहे आणि खिडकीतून समुद्रकिनारा दिसतो.

चित्रपट तासाभरापेक्षा थोडा लहानच आहे. फ्रान्सच्या हिशेबाने एक तासाच्या आतला तो लघुपट. पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लागणारा व्यावसायिक परवाना सेंबेनजवळ नव्हता, म्हणून तो कापून तासाच्या आत बसवावा लागला. किनाऱ्यावरच्या मोटारप्रवासाचा एक तुकडा मुळात रंगीत होता, तो आज बहुतेक ठिकाणी दाखवल्या जाणाऱ्या प्रतीत नाही. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी दिग्दर्शकाने केलेला पहिला मोठा चित्रपट म्हणून सगळीकडे ह्याचंच नाव घेतलं जातं, आणि तोच कागदोपत्री लघुपट ठरला! त्या वर्षी त्याला फ्रान्सचं झाँ व्हिगो पारितोषिक मिळालं आणि ट्युनिशियातल्या पहिल्यावहिल्या कार्थेज महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार.

सेंबेनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो ज्या वाटेने सिनेमात आला ती वाट ह्या चित्रपटात जागोजागी दिसते. १९२३ साली सेनेगलच्या दक्षिणेकडच्या झिगँशोर गावात एका मच्छीमाराच्या घरी त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता. नंतर मार्सेय बंदरात त्याने गोदी कामगार म्हणून ओझी वाहिली, कामगार संघटनेत काम केलं आणि तिथेच लिहायला लागला. पहिली कादंबरी १९५६ ची. नंतर त्याच्या लक्षात आलं की आपल्या देशातल्या बहुसंख्य लोकांना वाचता येत नाही, पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोचणार नाहीत. म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर तो मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला. दियुआनाची गोष्ट त्याला सापडली ती दक्षिण फ्रान्समधल्या एका वर्तमानपत्राच्या १९५८ च्या छोट्याशा बातमीत. आंतीब गावी एका घरात काम करणाऱ्या आफ्रिकी तरुणीने आत्महत्या केली, एवढीच बातमी. तिच्यावर त्याने आधी कथा लिहिली, ती १९६२ साली पुस्तकात आली. मग चित्रपट.

त्या काळी आफ्रिकी माणसाने आफ्रिकेत सिनेमा काढणं किती अवघड होतं, हेही सांगून टाकते. १९३४ च्या एका फ्रेंच फर्मानामुळे वसाहतींमध्ये चित्रीकरण करायचं तर सरकारकडून पटकथा मंजूर करून घ्यावी लागायची. पॅरिसच्या चित्रपटशाळेत शिकलेला पोलँ व्हियेरा आणि त्याचे मित्र, त्यांना आफ्रिकेत चित्रीकरण करता आलं नाही म्हणून त्यांनी १९५५ साली आपला लघुपट पॅरिसमध्येच काढला. सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला. सेंबेन स्वतंत्र देशाचा नागरिक म्हणून कॅमेऱ्यामागे उभा होता. तरी त्याच्या नायिकेचं आयुष्य स्वातंत्र्याने बदललेलं नाही. तेच मालक, तीच पंगत, फक्त आता ती स्वतःच्या खुशीने बोटीत बसून त्यांच्या देशात जाते.

खुशीने, हे मी मुद्दाम लिहिलं. दियुआनाला फ्रान्सला जायचं होतं. तिला दुकानं बघायची होती, समुद्रकिनारे बघायचे होते, छान कपडे घालायचे होते. काम मिळाल्याच्या आनंदात ती डाकारच्या रस्त्यावरून पळत सुटते. एकदा तर चपला काढून हुतात्मा स्मारकाच्या कठड्यावर चढते आणि नाचल्यासारखी चालत जाते. तिचा मित्र घाबरतो, उतर म्हणतो, हे पवित्र ठिकाण आहे म्हणतो. हा मित्र राजकीय जाण असलेला तरुण आहे, त्याच्या खोलीत काँगोच्या स्वातंत्र्याचा नेता लुमुंबा ह्याचं चित्र लावलेलं आहे. फ्रान्समध्ये मोलकरीण होणं म्हणजे गुलामीच, हे त्याला बरोबर कळतं. पण दियुआनाला काय हवंय, हे तो एकदाही विचारत नाही. त्याचं म्हणणं खरं ठरतं आणि तरीही मला तो तिच्या बाजूचा वाटत नाही. बाईने सुंदर झगा घालून परदेश बघायची इच्छा धरली, तर ती इच्छा भाबडी आहे, चुकीची आहे, असं सांगणारे पुरुष क्रांतिकारक असले तरी शेवटी तिच्या वतीने निर्णयच घेत असतात. दियुआनाची इच्छा तिची स्वतःची होती. तिने ती उघडपणे मिरवली. चित्रपटातला तिचा सगळ्यात मोकळा क्षण तो कठड्यावरचा आहे.

बोट बंदराला लागते तेव्हा तिच्या अंगावर ठिपक्यांचा झगा, उंच टाचांचे बूट, गळ्यात माळ, कानात डूल. मस्यू घ्यायला येतो. मोटार आंतीबला पोचते. मादाम तिला घर दाखवते, खिडकीतून गावं दाखवते. तिथून पुढे दियुआनाला फ्रान्स म्हणून जे दिसतं ते स्वयंपाकघर, बैठकीची खोली, न्हाणीघर आणि निजायची खोली. डाकारला ती मुलं सांभाळत होती. स्वयंपाकाला, धुण्याला वेगळी माणसं होती. इथे मुलं सुरुवातीला घरात नाहीतच आणि सगळं काम तिच्या एकटीच्या गळ्यात. ती तोच झगा, तेच बूट घालून लादी पुसते, न्हाणीघर घासते. मादामला ते खुपतं. समारंभाला निघालीस का, असं ती तिला सुनावते आणि एप्रन बांधायला लावते. पुढे बूटही काढायला लावते. दियुआना बूट काढते आणि ते तिथेच दाराशी ठेवून अनवाणी चालत जाते.

पोशाखाची ही भांडणं दिसायला क्षुल्लक आहेत. पण मादामला नक्की काय सहन होत नाही, ह्याचा विचार करा. लादी स्वच्छ पुसली जात होती. झग्याने कामात काही बाधा येत नव्हती. बाधा येत होती ती मादामला. आपल्या घरातली कामवाली आपल्याइतकीच नटलेली दिसली की दोघींमधली रेघ पुसट होते, आणि ती रेघ पुसट झाली तर मादामजवळ स्वतःचं असं काय उरतं? मादामही काही सुखात नाही. नवरा सतत दारूच्या नशेत सुस्त, डाकारमधला थाट संपलेला. तिला कुणी विचारत नाही. तिची सत्ता एका माणसापुरतीच आहे, ती म्हणजे दियुआना. एका बाईचं कर्तेपण दुसऱ्या बाईच्या मानेवर पाय ठेवून उभं राहिलं की ते कसं दिसतं, हे सेंबेनने मादामला राक्षसीण न करता दाखवलं आहे. मादामच्या भूमिकेत आन-मारी येलिनेक आहे आणि तिच्या आवाजातला तो सततचा वैताग मला फार ओळखीचा वाटतो. कितीतरी सुखवस्तू घरांतून सकाळी साडेनऊच्या सुमारास तो ऐकू येतो, बाईला यायला उशीर झाला की.

आता त्या जेवणाबद्दल. मादामने पाहुणे बोलावले आहेत. दियुआनाने आफ्रिकी पद्धतीचा भात करायचा आहे, कारण मस्यू-मादाम आफ्रिकेत राहून आले आहेत आणि ते पाहुण्यांना दाखवायचं आहे. गप्पा चालल्या आहेत त्या आफ्रिकेच्याच. कुणीतरी विचारतं, हिला फ्रेंच येतं का. येत नाही, पण समजतं, असं उत्तर येतं. म्हणजे जनावराला कळतं तसं, अशी त्यावर पुस्ती जोडली जाते. दियुआना तिथेच आहे. तिला सगळं समजतंय. मग एक म्हातारा पाहुणा उठतो आणि आपण कधी काळ्या मुलीला चुंबन दिलेलं नाही म्हणत तिच्या दोन्ही गालांवर ओठ टेकवतो. पाहुणे ह्यात गंमत मानतात. दियुआना स्वयंपाकघरात परत जाते.

तिने हाताने करून वाढलेला भात तिच्या देशाची खूण म्हणून टेबलावर आहे. तिने भेट दिलेला लाकडी मुखवटा भिंतीवर आहे. ती स्वतः तिथे उभी आहे. आजच्या भाषेत बोलायचं तर त्या खोलीत विविधता भरपूर आहे. जेवण वेगळं, कला वेगळी, रंग वेगळा. फक्त तिला काय वाटतं हे विचारणारं कुणी नाही. हल्ली चित्रपटांबद्दल बोलताना किती वंशांची, किती रंगांची माणसं दिसली ह्याची मोजदाद होते. ती व्हायला हवी, कारण इतकी वर्षं ती माणसं दिसतच नव्हती. पण हे जेवण बघितल्यावर मला नुसत्या मोजदादीवर विसंबता येत नाही. टेबलाभोवती वेगळे चेहरे गोळा करणं मादामलाही जमलं होतं.

सेंबेनने जे केलं ते वेगळं आहे. त्याने दियुआनाला मन दिलं, आणि ते आपल्याला ऐकवलं. पडद्यावर ती फार थोडं बोलते, बहुतेक वेळा नुसतं 'व्वी मादाम', म्हणजे हो मादाम. पण तिच्या मनातला आवाज चित्रपटभर चालू असतो. मी इथे कशाला आले, मुलं कुठे आहेत, ह्या खिडकीबाहेर माणसं कशी राहत असतील, मादाम सारखी का ओरडते. मनातल्या मनात बोलणारी नायिका ही फ्रेंच सिनेमाला नवी गोष्ट नव्हती. पण त्या नायिका सुस्थितीतल्या असायच्या. कंटाळा, संशय, एकटेपणा ह्या गोष्टी अनुभवायला जणू ऐपत लागते, अशी त्या सिनेमाची समजूत दिसते. सेंबेनने तेच साधन उचललं आणि मोलकरणीच्या हातात दिलं. भांडी विसळणाऱ्या बाईलाही गुंतागुंतीचं मन असतं, आणि ते मालकिणीच्या मनापेक्षा जास्त बारकाईने जग बघत असतं. १९६६ साली हे पडद्यावर आणणं फार मोठं होतं. मला तर ते आजही मोठं वाटतं.

तो मनातला आवाज मात्र पडद्यावरच्या अभिनेत्रीचा नाही. दियुआनाचं काम म्बिसीन तेरेझ दियोप ह्या सेनेगलच्या तरुणीने केलं, पण आवाज तोतो बिसँत ह्या हैतीच्या गायिका-अभिनेत्रीचा आहे. शिवाय तो आवाज फ्रेंचमध्ये बोलतो. दियुआनाची मातृभाषा फ्रेंच नाही, तिला लिहिता-वाचता येत नाही, मग तिच्या मनात इतकं घोटीव फ्रेंच कुठून येईल? हा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पुढच्याच चित्रपटापासून सेंबेन सेनेगलच्या वोलोफ भाषेकडे वळला, म्हणजे ही अडचण त्यालाही जाणवत असणार. पण मला त्या उसन्या आवाजात एक आणखी गोष्ट ऐकू येते. ज्यांना शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेलं, त्यांच्या वंशातली एक बाई, आता बोटीने फ्रान्सला नेलेल्या दियुआनासाठी बोलते आहे. सेंबेनने हे ठरवून केलं असेल किंवा नसेल. ऐकताना तो संबंध माझ्या मनातून जात नाही.

आमच्या ओळखीच्या काही जणींबरोबर हा चित्रपट पाहिला, तेव्हा दिवे लागताच पहिला प्रश्न आला तो हा: ती निघून का नाही गेली? दार तर उघडं होतं. कुणी बांधून ठेवलं नव्हतं. प्रश्न विचारणारी स्वतः नोकरी करणारी, पोटतिडकीने विचारत होती, दियुआनाला दोष देण्यासाठी नव्हे. आणि उत्तर द्यायला लागलं की कळतं, दार उघडं असणं पुरत नाही. परतीच्या बोटीचं भाडं तिच्याजवळ नाही, कारण पगार वेळेवर दिलेलाच नाही. गावात ती कुणाला ओळखत नाही. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत. परत गेली तर ज्यांच्यासमोर नाचत निघाली त्यांना तोंड कसं दाखवायचं, हेही आहे.

आणि ते पत्र. आईचं पत्र येतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. मस्यू ते मोठ्याने वाचून दाखवतो. मुलीची खबर नाही, पैसे नाहीत, ही तक्रार दियुआनाला मालकाच्या तोंडून ऐकावी लागते. मग मस्यू उदारपणे म्हणतो, चल, उत्तर लिहून देतो, आणि सांग काय लिहू असं विचारून, ती गप्प राहिल्यावर, स्वतःच लिहायला सुरुवात करतो. मी बरी आहे, माझं छान चाललंय. कागदावर दियुआना आनंदात आहे! समोर दियुआना उभी आहे. ती आईचं म्हणून आलेलं पत्र फाडते. ह्या घरात आल्यापासून तिने केलेली ही पहिली उघड कृती. आपल्या आयुष्याचा मजकूर दुसऱ्याने लिहायचा नाही, इतपत तिने त्या क्षणी ठरवलेलं असतं. पण तिच्या स्वतःच्या मजकुराला कागद मिळत नाही. तिच्या आणि तिच्या आईच्या मधल्या प्रत्येक शब्दावर मालकाचा हात आहे.

त्यातूनच माझं ह्या चित्रपटाबद्दलचं म्हणणं पक्कं होत गेलं. दियुआनाच्या मनात काही कमी नव्हतं. तिला सगळं समजत होतं, राग येत होता, नाही म्हणायची ताकद होती. कमी होती ती दुसरी बाई. जिला हे सांगता आलं असतं, जी म्हणाली असती, माझ्याकडेही असंच झालं, पगार आधी माग, चल मी येते बरोबर. डाकारच्या कोपऱ्यावर बायका होत्या. एकमेकींशी स्पर्धा करत होत्या हे खरं, पण होत्या. आंतीबच्या फ्लॅटमध्ये एकही नाही. तिचा मनातला आवाज इतका अखंड चालतो, कारण तो बाहेर पडायला कुणाचा कान नाही.

हे सेंबेनला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. डाकार-नायजर रेल्वेच्या १९४७-४८ च्या संपावर त्याची १९६० सालची कादंबरी आहे, आणि तिच्यात संपकऱ्यांच्या बायका थियेस गावापासून डाकारपर्यंत चालत मोर्चा नेतात. त्या बायका सुरुवातीला नवऱ्यांच्या मागे असतात आणि हळूहळू संपच आपल्या हातात घेतात. एकत्र आलेल्या बायका काय करू शकतात हे त्याने आधी लिहिलं, आणि एकट्या पडलेल्या बाईचं काय होतं हे नंतर दाखवलं. मला हे दोन्ही एकाच विचाराचे भाग वाटतात.

पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. पगारवाढ हवी, सुट्ट्या हव्यात, आजारपणात पगार कापू नका, इतक्या साध्या मागण्या. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. घरकामगारांना सन्मानाचं काम मिळावं म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये एक करार संमत केला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. कायदा कागदावरून घराघरांत किती पोचला हा वेगळा विषय आहे. पण त्या बायका एकमेकींना सार्वजनिक नळावर, बसस्टॉपवर, एकाच इमारतीच्या जिन्यात भेटत होत्या. आमच्या घरी काम करणाऱ्या मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातल्या बाईंना जिन्यातच गाठायच्या आणि कोणत्या घरी बोनस किती, कुठे सुट्टीचे पैसे कापले, ह्याची देवाणघेवाण पायऱ्यांवर व्हायची. माझ्या आईला ते आवडायचं नाही. जिन्यात गप्पा मारत उभ्या राहतात, म्हणायची. आता मला वाटतं, त्या जिन्यानेच मावशींचं बळ राखलं होतं. दियुआनाला असा जिना मिळाला नाही. आखातात, सिंगापुरात, हाँगकाँगमध्ये घरकामाला गेलेल्या ज्या बायकांचे पासपोर्ट मालक ठेवून घेतात, त्यांनाही तो मिळत नाही, आणि म्हणून आठवड्याची सुट्टी घराबाहेर घालवायची मुभा ही त्यांच्या हक्काच्या मागण्यांमध्ये इतकी वर असते.

एकटी असूनही दियुआना जे जे करते, ते मी पुन्हा पुन्हा बघते. ती एप्रन काढून टाकते. सकाळी उठायचं नाकारते. भिंतीवरचा मुखवटा उतरवते आणि आपल्याजवळ घेते. तो तिचाच होता, तिनेच दिला होता, आणि ज्यांनी देणारीची किंमत ठेवली नाही त्यांच्याकडून तो परत घ्यायचा तिला हक्क आहे, असं ती मानते. मादाम तो ओढायला येते, दोघींची झटापट होते, दियुआना सोडत नाही. शेवटी मस्यू तिच्या हातात पगार ठेवतो, इतके दिवस थकलेला. ती जमिनीवर कोसळून रडते आणि नोटा परत करते. पैशासाठी आलेली मुलगी पैसे नाकारते. मनातला आवाज एकामागून एक नकार मोजत जातो: आता मादाम मला कधीही हुकूम करणार नाही, कधीही माझ्यावर ओरडणार नाही, कधीही मला गुलाम म्हणून बघणार नाही. आणि मग ती बॅग भरते आणि न्हाणीघरात जाऊन जीव देते.

काही अभ्यासकांनी ह्या मृत्यूला दियुआनाचं अंतिम स्वातंत्र्य म्हटलं आहे. जहाजांतून समुद्रात उड्या घेणाऱ्या गुलामांची परंपरा तिच्याशी जोडली आहे. मला तसं म्हणता येत नाही. मरण ही मला कुणाचीही मुक्ती वाटत नाही, आणि पडद्यावरच्या बाईच्या मृत्यूला सुंदर अर्थ चिकटवायची सवय तर मला घातक वाटते. दियुआनाचं कर्तेपण पत्र फाडण्यात आहे, मुखवटा धरून ठेवण्यात आहे, नोटा परत करण्यात आहे. मृत्यू ही त्या घराने उरवलेली एकच वाट होती. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत, तर मस्यू-मादाम सुटतात. सेंबेनने त्यांना सोडलेलं नाही. न्हाणीघरानंतर लगेच तो किनाऱ्यावर आडवी पडलेली माणसं दाखवतो, आणि वर्तमानपत्रातली ती बातमी. गौरव नाही, संगीताचा कढ नाही.

मग मस्यू डाकारला जातो. दियुआनाची बॅग, मुखवटा आणि थकलेला पगार घेऊन. वस्तीतल्या शाळेच्या मास्तरांच्या भूमिकेत स्वतः सेंबेन आहे, तो मस्यूला आईपर्यंत नेतो. मस्यू पैसे पुढे करतो. आई घेत नाही, वळून निघून जाते. ह्या शेवटाबद्दल लिहिणारे बहुतेक जण मुखवटा लावून मस्यूच्या मागे मागे चालणाऱ्या लहान मुलाबद्दल लिहितात, कारण ती प्रतिमा विलक्षण आहे. मी आईबद्दल लिहीन. जिने पत्रात पैशांची तक्रार केली होती, तीच बाई पैसे नाकारते. मुलीने त्या फ्लॅटमध्ये काय केलं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तरी दोघींचा नकार एकच आहे, हजारो मैलांवरून, एकमेकींना काही कळवता न येता. दुसरी बाई होती तर ती ही. फक्त तिच्यापर्यंत पोचणारं पत्र मालकाच्या हातातून जात होतं.

पुढच्या पन्नास वर्षांत एक गोष्ट नक्की बदलली. २०१७ साली फ्रान्सच्या सेझार पुरस्कारांमध्ये सर्वोत्तम लघुपटाचा मान दोन चित्रपटांना विभागून मिळाला, आणि दोन्ही चित्रपट सेनेगलहून आलेल्या कुटुंबांत, फ्रान्समध्येच जन्मलेल्या बायकांचे होते. एक आलिस दियोपचा, उपनगरांतली तरुण मुलं प्रेमाबद्दल काय बोलतात, कसं बोलू शकत नाहीत, ह्यावरचा. दुसरा माइमुना दुकुरेचा 'मामां(स)'. आईदा नावाची आठ वर्षांची मुलगी पॅरिसच्या एका फ्लॅटमध्ये राहते. वडील सेनेगलहून परत येतात ते तरुण दुसऱ्या बायकोला आणि तिच्या बाळाला घेऊन. आई आतून मोडते आणि बोलत काही नाही. आईदा ठरवते की ह्या नव्या बाईला घराबाहेर काढायचं. दियुआनाच्या फ्लॅटमध्ये दुसरी बाई नव्हती; इथे दुसरी बाई आहे, पण ती अशा नात्याने आणली गेली आहे की दोघींना एकमेकींचा आधार मिळू नये. सत्ता पुरुषाकडे आणि राग बायकांचा एकमेकींवर. हा सगळा गुंता दुकुरे मुलीच्या नजरेने बघते, म्हणून तो उपदेश होत नाही. आणि ती नजर आतली आहे. बहुपत्नीत्व हा परक्यांनी नाक मुरडायचा विषय म्हणून येत नाही, एका घरातलं दुखणं म्हणून येतो.

ह्या दोघींकडे परवाना आहे, कॅमेरा आहे, पडद्यावर आपली भाषा वापरायची मुभा आहे. सेंबेनला जे कापून तासाच्या आत बसवावं लागलं, ते त्यांना करावं लागलं नाही. फ्रान्समधल्या स्थलांतरित घरांतल्या लेकी आता स्वतःच्या घराची गोष्ट स्वतः सांगतात, आणि ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पण दियुआनाचं काम करणाऱ्या बायकांबद्दल अजून तसं म्हणता येत नाही. पॅरिसमध्ये असो, दुबईत असो की कोथरूडमध्ये, दुसऱ्याच्या घरची लादी पुसणाऱ्या बाईची गोष्ट अजून बहुतेक वेळा तिच्या मालकिणीच्या वर्गातली बाईच सांगते. मीही त्याच वर्गातली आहे. म्हणून आता हा चित्रपट घरकामगार बायकांच्या बैठकीत दाखवायचा विचार आम्ही काही जणी करतो आहोत, मनातल्या आवाजाचं मराठी तिथल्या तिथे वाचून दाखवून. तासाभराचा आहे, रविवारी दुपारी कामं आटपल्यावर बसेल. नंतर बोलायचं त्यांनी. ती निघून का नाही गेली, ह्या प्रश्नाचं त्यांच्याकडचं उत्तर आमच्यापेक्षा वेगळं असेल, आणि मला ते ऐकायचं आहे.